फ्रॉड झाला, की कोणी फसवलं?

(बोईसर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, ते व्याकरण शिकवायचे. त्यांचे विद्यार्थी आज या सभागृहात बसले आहेत. ते सांगतात, गुरुजी फळ्यावर वाक्य लिहायचे, खडू मुलाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "कर्ता दाखव." क्रियापद सगळ्यांना सापडतं. कर्ता शोधावा लागतो. आज मी जे बोलणार आहे ते गुरुजींच्या या एका प्रश्नावरच उभं आहे.

मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं याच तालुक्यात, काउंटरच्या आतल्या बाजूला. एका दुपारी किनाऱ्याकडच्या गावातून एक मावशी आल्या. मासळीची पाटी बाजारात शेजारणीकडे सोपवून आल्या होत्या. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, पिशवीला रबरबँड. तो रबरबँड काढताना त्यांची बोटं थरथरत होती. पासबुक पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्या खात्यात फ्रॉड झाला."

मी विचारलं, "कोणी केला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "कोणी म्हणजे? झाला."

पाऊस झाला, तसा फ्रॉड झाला. वादळ झालं, तसा फ्रॉड झाला. मग मी त्यांना आत बोलावून बसवलं, पाणी दिलं, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी एका माणसाचा फोन आला होता. बँकेतून बोलतोय म्हणाला. खातं बंद पडेल म्हणाला. त्यांना "मावशी" म्हणाला. दहा-बारा मिनिटं गोड बोलला आणि फोनवर आलेला आकडा त्यांच्याकडून वाचून घेतला. म्हणजे माणूस होता, त्याचा आवाज होता, फोन नंबर होता, पैसे ज्या खात्यात गेले ते खातं होतं. एवढं सगळं असताना मावशींच्या वाक्यात कर्ता नव्हता. तो कुठे गेला?

मंडळी, त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आज तो मी तुमच्यापुढे तीन टप्प्यांत मांडणार आहे. आधी शब्दाविषयी बोलेन. मग आपल्या या भूमीविषयी बोलेन, कारण फसवणुकीचा इतिहास इथे नवा नाही. आणि शेवटी आज काय करायचं, ते सांगेन.

पहिला मुद्दा: शब्द

‘फ्रॉड’ हा शब्द आपण किती प्रकारांनी वापरतो, ते जरा ऐका. "फ्रॉड झाला" म्हणजे घटना. "तो फ्रॉड आहे" म्हणजे माणूस. "फ्रॉड कॉल आला" म्हटलं की ते विशेषण. कॉलेजातली मुलं एकमेकांना लाडाने म्हणतात, "तू एक नंबरचा फ्रॉड आहेस." इंग्रजीतही हा शब्द कृत्यालाही लागतो आणि माणसालाही. आपण जे नाही ते असल्याचं जो दाखवतो, तो माणूस तिथेही फ्रॉडच. मूळ लॅटिन. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि इंग्रजी अमदानीत आपल्या कचेऱ्यांत शिरला. १८७२ च्या करार कायद्याचं सतरावं कलम याच शब्दाची व्याख्या करतं.

भाषांमध्ये देवाणघेवाण कशी चालते बघा. इंग्रजांनी आपल्याला ‘फ्रॉड’ दिला, आणि आपल्याकडून ते ‘ठग’ घेऊन गेले. आपला मराठी ‘ठक’ त्याचाच सख्खा भाऊ. आजही वर्तमानपत्रं ‘ठकसेन’ लिहितात आणि आपण "ठकास महाठक" म्हणतो.

आता आपले स्वतःचे शब्द बघू. टोपी घातली. गंडा घातला. शेंडी लावली. चुना लावला. तोंडाला पानं पुसली. हातावर तुरी दिल्या. केसाने गळा कापला. प्रत्येकाची छटा वेगळी आहे. आशा दाखवून काहीच न देणारा तोंडाला पानं पुसतो. निसटून जाणारा हातावर तुरी देतो. आणि केसाने गळा परका माणूस कापत नाही, तो विश्वासातलाच असावा लागतो. एका वाक्प्रचारात गुन्हाही आहे आणि नातंही.

पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. टोपी कोणीतरी घालतं. चुना कोणीतरी लावतं. नुसतं "चुना लावला" म्हणून थांबता येत नाही, ऐकणारा लगेच विचारतो, "कोणी?" गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं बघा. त्यांनीही इंग्रजी शब्द उचलला आहे, पण ती काय म्हणतात? "चिटिंग केलीस!" बोट समोरच्याकडे रोखलेलं असतं. "चिटिंग झाली" म्हणून घरी जाणारं पोर मी तरी पाहिलेलं नाही. आठ वर्षांच्या मुलाला जे कळतं, ते साठ वर्षांच्या माणसाच्या तोंडून का निसटतं?

कोणी म्हणेल, बाई, आपण "चोरी झाली" असंही म्हणतोच की. खरं आहे. पण चोरी आपण झोपेत असताना होते, घराला कुलूप असताना होते. चोर आपल्याला दिसलेला नसतो. फसवणूक तशी नसते. ती आपल्या समोर बसून होते, आपल्या कानात बोलून होते, आपल्याच हाताने होते. फसवणाऱ्याची आणि आपली गाठ पडलेली असते. म्हणूनच चोरीच्या वाक्यात कर्ता नसला तर ते समजण्यासारखं आहे, पण फसवणुकीच्या वाक्यात तो असलाच पाहिजे.

मग तो जातो कुठे? इथे मराठीतली दोन क्रियापदं शेजारी ठेवते. फसणे आणि फसवणे.

फसणे म्हणजे मुळात अडकणे. आपल्या खाडीकाठच्या माणसांना हे सांगायला नको. ओहोटीच्या वेळी खाजणातून चालताना पाय फसतो. एक पाय काढायला जावं तर दुसरा फसतो. आणि तिथे फसलेल्या माणसाला काठावरचा माणूस काय म्हणतो? "बघून चालायला काय झालं होतं?" फसणाऱ्याच्या वाट्याला चिखलही येतो आणि बोलही येतात. "मी फसलो" हे वाक्य म्हणूनच जिभेवर जड होतं. त्यात लाज आहे. घरात सांगितलं तर मुलगा म्हणणार, "तू फसलीसच कशी?" सून हसणार. शेजारी म्हणणार, एवढी शिकलेली माणसं फसतात म्हणजे काय!

या लाजेतून वाट काढायला माणसांनी ‘फ्रॉड’ हा शब्द हाताशी धरला, असं माझं मत आहे. "मी फसले" म्हणताना मान खाली जाते. "फ्रॉड झाला" म्हणताना जात नाही. तो शब्द बँकेच्या भिंतीवरच्या पाटीत असतो, टीव्हीच्या बातमीत असतो, फोनवरच्या सूचनेत असतो. तो मोठ्या माणसांना होतो, तसा मलाही झाला. म्हणून मी या शब्दावर रागावलेली नाही. ज्या मावशी "मी फसले" म्हणायला कधीच बँकेत आल्या नसत्या, त्या "फ्रॉड झाला" म्हणायला आल्या. या शब्दाने त्यांना दारापर्यंत आणलं, हे त्याचं मोठं उपकाराचं काम.

पण दारात आणून त्याने त्यांना सोडून दिलं. लाज गेली, त्याबरोबर कर्ताही गेला.

कायदा मात्र कर्त्याला सोडत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं ४२० वं कलम आपल्या जिभेवर एवढं रुळलं की ‘चारसोबीस’ हा शब्द अगदी निरक्षर माणसालाही माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते कलम आता ३१८ व्या कलमात गेलं. आकडा बदलला, अर्थ तोच राहिला. त्याचं सार साध्या भाषेत सांगते. माणसाला भुलवायचं, आणि भुलवलं नसतं तर त्याने जे कधी केलं नसतं ते त्याच्या हातून करवून घेऊन त्याचं नुकसान करायचं, हा गुन्हा. त्यातून लबाडीने पैसा किंवा मालमत्ता काढून घेतली, तर सात वर्षांपर्यंतची शिक्षा. यात कायदा कोणाचं मन तपासतो? फसवणाऱ्याचं. नुसतं वचन मोडलं म्हणून हा गुन्हा होत नाही. वचन देतानाच ते पाळायचं मनात नव्हतं, हे न्यायालय बघतं. फसलेला माणूस हुशार होता की भोळा, शिकलेला होता की अडाणी, हे गुन्ह्याच्या व्याख्येत कुठेच नाही. तो प्रश्न आपण विचारतो, घरात, ओट्यावर, काउंटरवर. कायदा विचारत नाही.

दुसरा मुद्दा: ही भूमी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. पण ही भूमी जुनी आहे, आणि इथली फसवणूकही जुनी आहे. तेव्हा ‘फ्रॉड’ हा शब्द इथल्या वारली आदिवासीला माहीत नव्हता. त्याच्याकडे एक दुसरा शब्दप्रयोग होता, आणि तो आजही या भागात ऐकू येतो. "अंगठा घेतला."

किती नेमकं वाक्य आहे! शाईच्या डबीत बोट बुडवून कागदावर टेकवणारा हात माझाच, पण माझ्या वाक्यात कर्ता मी नाही. घेणारा दुसरा आहे. सावकाराने अंगठा घेतला. मालकाने अंगठा घेतला. वहीत काय लिहिलं होतं ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि वाचता येत नाही हे घेणाऱ्याला पक्कं माहीत होतं. सगळा खेळ तिथेच होता.

लग्नासाठी घेतलेलं थोडंसं कर्ज. त्यापायी नवराही मालकाकडे राबायला जायचा आणि नवरीही. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. वर्षांमागून वर्षं जायची, वहीतलं कर्ज फिटायचं नाही. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वेठ ही रोजची गोष्ट होती. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३९ च्या आपल्या अहवालात आदिवासींची ही पिळवणूक सरकारपुढे ठेवली. अहवाल झाला, वेठ चालूच राहिली.

मग काय बदललं? १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या कामातून मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली. माणसं उठली आणि म्हणाली, वेठ करणार नाही. गोदावरीबाई गावोगाव हिंडल्या, लग्नगडी सुटले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं. १९७० साली ते आलं, पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं, ते आपल्या घरचं पुस्तक आहे.

मला त्या इतिहासातून एक गोष्ट आज सांगायची आहे. कर्ज, गरिबी, नशीब, असं ज्याला इतकी वर्षं म्हटलं जात होतं, त्याच्यामागे माणसं आहेत आणि त्यांना नावं आहेत, हे वारल्यांनी उघड बोलायला सुरुवात केली. नशिबाला जाब विचारता येत नाही. माणसाला विचारता येतो. तोपर्यंत "झालं" होतं, तिथून पुढे "केलं" झालं.

पुढे जमिनीचा कायदा आला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ चा कायदा केला. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाताना सरकारी मंजुरी बंधनकारक झाली. कायदा कडक झाला तशा वाटा बदलल्या. मुखत्यारपत्र आलं, लांब मुदतीचे करार आले, मधला माणूस आला. कागद बदलला, पण अंगठा घेणारा आणि अंगठा देणारा यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं. एकाला वाचता येतं, दुसऱ्याला येत नाही.

आणि आज? आज तरी ते अंतर मिटलं का? वसई-विरारकडे बघा. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. हजारो माणसांची घरं डोळ्यांदेखत गेली. आयुष्यभराची कमाई, दागिने, गावची जमीन विकून आलेला पैसा, सगळं त्या मातीत. ही माणसं निरक्षर नव्हती. त्यांना वाचता येत होतं, पण जो कागद वाचायला हवा होता तो त्यांच्या हाताशी कधी आलाच नाही. करार कायदा सांगतो की मुद्दाम सत्य झाकून ठेवणं हाही फ्रॉडच. जागा आरक्षित आहे हे ज्याला माहीत होतं आणि ज्याने ते झाकलं, तो प्रत्येक जण या वाक्याचा कर्ता आहे. मग आपण एवढंच का म्हणतो, "तिकडे मोठा फ्रॉड झाला"? मोठा म्हटलं की जाब विचारायला कोणी उरत नाही. तो आभाळासारखा होतो.

बोईसरकडे या. तारापूरची औद्योगिक वसाहत, शेजारी १९६९ पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र. इथे काम आहे, म्हणून देशभरातून माणसं येतात. आणि जिथे काम आहे, तिथे "कामाला लावतो" म्हणणाराही असतो. तो आधी पैसे घेतो, गेट पास आणून देतो म्हणतो, कोणाच्या तरी ओळखीचं नाव सांगतो. माझ्या काउंटरवर अशी किती मुलं आली असतील! घरून मागवलेले पैसे कोणाच्या तरी खात्यात भरायला आलेली. भरून गेल्यावर महिन्याभराने तोंड पाडून परत आलेली. आणि नोकरी खरी लागली तरी पगाराच्या पावतीवर भविष्यनिर्वाह निधी कापलेला दिसतो, खात्यात मात्र जमा होत नाही, अशीही माणसं मी पाहिली. त्यांना मी सांगायचे, पगाराची स्लिप आणि निधीचं पासबुक दर तीन महिन्यांनी शेजारी ठेवून बघा. कंत्राटदाराने भरलं नाही तर मूळ मालकालाही कायद्याने जबाबदार धरलं आहे. पण त्यासाठी आधी तुमच्या तोंडून वाक्य यावं लागतं: अमुक ठेकेदाराने, अमुक महिन्यांचा, एवढा निधी कापला आणि भरला नाही.

तिसरा मुद्दा: आजचा अंगठा

आता मी तुम्हाला दुसरी एक दुपार सांगते. पहिली मावशींची होती, ही एका म्हाताऱ्या बाबांची.

पूर्वेकडच्या एका पाड्यावरून आले होते. डोक्याला फडकं, हातात काठी, शर्टाच्या खिशात दोरा बांधून घडी केलेलं पासबुक. निराधार योजनेचे पैसे त्यांच्या खात्यात येत. गावाजवळच्या एका दुकानात यंत्र होतं, तिथे अंगठा लावला की पैसे मिळत, बँकेपर्यंत यायला लागत नसे. ही सोय चांगली आहे, म्हाताऱ्या माणसाचा एसटीचा फेरा वाचतो. पण त्या महिन्यात पासबुकात एकाच तारखेला दोन वेळा पैसे काढल्याची नोंद होती आणि बाबांच्या हातात एकदाच पैसे आले होते.

मी विचारलं, "बाबा, काय झालं?"

त्यांना ‘फ्रॉड’ हा शब्द ठाऊक नव्हता. ते म्हणाले, "त्यानं अंगठा दोनदा घेतला. पयला लावला तं म्हनला लागला नाय. अंगठा पूस म्हनला. मंग परत लावला."

मंडळी, मी पेन उचललं आणि ते जसं बोलले तसंच लिहून घेतलं. कारण ती संपूर्ण तक्रार होती. कोणी: दुकानातल्या त्या माणसाने. काय: अंगठा दोनदा घेतला. कसं: लागला नाही असं सांगून. किती: पासबुकात होतं. कधी: तेही पासबुकात होतं. त्या कागदावर चौकशी झाली. दुकानदाराच्या यंत्राची नोंद आणि पासबुकाची नोंद जुळवून बघितली, आणि काही आठवड्यांनी बाबांचे पैसे खात्यात परत आले. ज्या दिवशी आले, त्या दिवशी बाबा पुन्हा आले. पासबुकात तो आकडा त्यांनी बोटाने दाखवून घेतला. वाचता येत नव्हतं तरी त्या आकड्यावर बराच वेळ बोट ठेवून उभे होते.

शिकलेल्या मावशींकडे... हो, मावशी सातवी शिकलेल्या होत्या. त्यांच्याकडे इंग्रजी शब्द होता, पण कर्ता नव्हता, आणि तो सापडेपर्यंत वेळ गेला होता. त्यांचे पैसे पूर्ण मिळाले नाहीत. शाळेत न गेलेल्या बाबांकडे कर्ता होता. गुरुजी असते तर त्यांनी खडू बाबांच्या हातात दिला असता.

म्हणून आता कामाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली. पैसे गेल्याचं लक्षात आलं की १९३० या नंबरला फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळतात. जितक्या लवकर कळवाल तितके ते वाटेत अडवता येतात. उद्या मुलगा आल्यावर बघू, असं करू नका. मुलगा रागावेल म्हणून लपवू नका.

दुसरी. बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं आहे की चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, मधल्या कोणीतरी हात मारला असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीही बोजा नाही. तुमची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. आणि तुम्ही फोनवर आलेला आकडा सांगून बसला असाल, तरीही कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याचं नुकसान बँकेचं. म्हणजे जितक्या लवकर कळवाल तितकं तुमच्या फायद्याचं आहे.

तिसरी. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. पिन पैसे जायला लागतो. कोणी म्हणालं, पैसे पाठवतोय, पिन टाका, तर तो काढून घेतोय. आणि व्हिडिओवर खाकी कपडे घालून कोणी "तुम्ही डिजिटल अटकेत आहात" म्हणालं, तर ऐकून ठेवा: आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अटक नाही. फोन ठेवून द्या आणि शेजारच्याला हाक मारा.

चौथी, अंगठ्याची. यंत्रावर अंगठा लावलात की पावती मागा. अंगठा "लागला नाही" म्हणाले, तरी दुसऱ्यांदा लावण्याआधी "लागला नाही" अशी पावती मागा. आणि ज्यांना यंत्र वापरायचंच नसेल त्यांना आधारमधले बोटांचे ठसे बंद करून ठेवता येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे करून द्या. ते आपलं काम आहे, त्यांचं नाही.

समारोप

आता आवरतं घेते.

मी तीन गोष्टी मांडल्या. ‘फ्रॉड’ या शब्दाने आपली लाज कमी केली, ते चांगलं झालं, पण त्याने कर्ता पुसला. या भूमीतल्या माणसांनी "झालं" म्हणणं सोडून "कोणी केलं" असं विचारलं, तेव्हा वेठ मोडली. आणि आजची तक्रार असो, उद्याची असो, ती उभी राहते ती कर्ता असलेल्या वाक्यावर.

शब्द सोडा, असं मी सांगत नाही. बँकेत या, "फ्रॉड झाला" म्हणा, आम्हाला कळतं. पण तिथे थांबू नका. पुढचं वाक्य मराठीत बोला. "मला फसवलं." आणि त्याच्या आधी नाव ठेवा. नाव माहीत नसेल तर नंबर ठेवा. नंबर नसेल तर दुकान ठेवा, आवाज ठेवा, वेळ ठेवा. ज्याने केलं त्याची जी काही खूण हाती असेल, ती वाक्याच्या सुरुवातीला ठेवा.

आणि ज्यांच्याकडे ते वाक्य येतं, त्या आपल्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमची आई, तुमचा शेजारी, तुमच्या कारखान्यातला मुलगा येईल आणि म्हणेल, माझे पैसे गेले. "तू फसलासच कसा?" हा प्रश्न त्या वेळी तोंडातून येऊ देऊ नका. त्या प्रश्नाने फसवणारा सुटतो आणि फसलेला पुन्हा एकदा मरतो. त्याला बसवा, पाणी द्या, आणि गुरुजींचा प्रश्न विचारा. कोणी? कधी? किती? आणि विचारता विचारता १९३० फिरवा.

आज घरी गेल्यावर हा नंबर कॅलेंडरच्या शेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो तोंडपाठ करवून घ्या. एक, नऊ, तीन, शून्य. चारच आकडे आहेत.